सांबाराच्या वाफ्यात शिरलेलं पाणी

"ओ मॅडम! पाय काढा... पानी सांबारात जाऊन राह्यलं!"

रुचिका दचकली. सुट्टीत ती अनसिंगला घरी आली होती, आणि फोनला रेंज फक्त या मळ्यातल्या विहिरीपाशी. बोलता बोलता चपलेखाली पाण्याच्या दांडाची माती ढासळली आणि कालच पेरलेलं सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, बी पाण्यावर तरंगू लागलं.

मळेवाला रविकांत फावडं घेऊन धावला. माती ओढून त्याने पाणी मेथीकडे वळवलं.

"मी... पुन्हा पेरून देते."

"येते पेरता?"

"शिकते."

तो हसला. "फोनवर कायची घोकंपट्टी चालली होती?"

"उद्या ऑनलाइन मुलाखत आहे. पुण्यात क्वांटम कॉम्प्युटरवर संशोधनाची जागा. मागच्या वेळी 'सोपं करून सांगा' म्हणाले, आणि तिथेच हुकली."

"मले सांगा. मले समजलं त कोणालेबी समजन."

ती बी पेरायला वाफ्याशी बसली. "चिपमधले क्यूबिट, म्हणजे हिशेब करणारे बारीक घटक, आपसूकच एकमेकांना ओढत असतात. प्रत्येक पायरी हुकूम देऊन करून घेतली, तर चुका साचतात. म्हणून आम्ही त्यांना त्यांच्या चालीने जाऊ देतो... आणि नेमक्या क्षणी एखाद्यालाच वळवतो. चाल अ‍ॅनालॉग, वळण डिजिटल."

"हे त आमचं ओलीत झालं! पानी आमी बादलीनं नेतो का? ते उतारानं जाते. आपून फक्त दारं धराचं... हे उघड, ते बंद."

रुचिकाचा हात बियांतच थांबला. इतकं सोपं!

"फरक एकच," ती म्हणाली. "आमच्याकडे मध्येच पाहिलं, की सगळं मोडतं."

"मंग कठीन हाय. मले त पाह्यल्याबिगर जमत नाई..."

तो पाण्याकडे पाहत नव्हता. तिने मान खाली घातली आणि बी जरा जास्तच खोल दाबलं.

मुलाखतीत तिने दांड सांगितला, उतार सांगितला, दारं धरणं सांगितलं. या वेळी कोणी तिला थांबवलं नाही.

त्यानंतरही ती रोज मळ्यात येत राहिली; दहाव्या दिवशीही आली. कोथिंबीर उगवली होती, पण ओळ वाकडीतिकडी.

"जागा मिळाली. दोन वर्षांची."

रविकांत फावड्यावर रेलला. "बेस झालं," तो म्हणाला. मग हळूच, "...जासान मंग?"

"जाईन. दर महिन्याला येईन. आणि आज संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी या. बाबांशी आपल्या दोघांचं बोला. आईला मी सांगितलंय."

"एवढी घाई काहून?"

"घाई नाही. नेमका क्षण आहे."

तो बघतच राहिला. मेथीचा वाफा भरून वाहू लागला.

"ओ रविकांत! पानी सांबारात जाऊन राह्यलं!" ती त्याच्याच बोलीत ओरडली.

"जाऊ दे," तो म्हणाला.