उजवीकडचं स्टेशन

"माझ्या नवऱ्यानं वस्ती विकली, असं लोक म्हणतात. आमच्या दारावर कुणीतरी तसं लिहूनही गेलंय," रूपाली म्हणाली.

प्रणितानं पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. तारनाक्याच्या या लहानशा ऑफिसात कुणी असं हवालदिल होऊन आलं, की उमाजीमामा खुर्ची खिडकीशी ओढून बसत आणि मनातल्या मनात संशयितांना रांगेत उभं करत. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून भाची प्रणिता हिच्या खासगी तपासकामात मदत करणं हाच त्यांचा उद्योग होता. त्यांचा अंदाज अजून एकदाही खरा ठरला नव्हता. उत्साह मात्र तसाच होता.

प्रकरण असं होतं. कुकटपल्लीच्या पलीकडे मिलिंदनगर ही मराठवाड्यातून आलेल्या बौद्ध कुटुंबांची वस्ती. तिथून कामावर यायचं तर बस बदलत बदलत यावं लागे. आता त्या रस्त्यावर, खांबांवरून जाणारी रेल्वे येणार होती. स्टेशन कुठे असावं हे सुचवण्याचं काम आबिड्समधल्या एका खासगी सल्लागार कंपनीकडे होतं, आणि आराखडा करत होता त्याच वस्तीत वाढलेला अमरदीप, रूपालीचा नवरा. कुकटपल्लीहून निघालं की मिलिंदनगर डाव्या हाताला लागतं, उजव्या हाताला मोकळं रान. अमरदीपनं स्टेशन डावीकडे सुचवलं होतं. उद्या दुपारी जनसुनावणी होती.

आणि सोमवारी सगळ्यांच्या मोबाइलवर एक फोटो फिरला.

रूपालीनं तो दाखवला. अमरदीपनं करवून घेतलेल्या प्रतिकृतीचा काळापांढरा फोटो. मधोमध रस्ता, त्याच्यावर रेल्वेचे खांब, रस्त्याच्या टोकाला टेकडी. दोन्ही बाजू अगदी रस्त्याच्या कडेपर्यंत कापलेल्या. स्टेशनची इमारत उजवीकडे. तिच्यासमोरच्या थांब्याला एक पाठमोरी बस टेकलेली, दार उघडं, दाराशी तीन-चार इवलीशी माणसं.

"टेकडीकडे तोंड केलं की आमची वस्ती डावीकडे. आणि स्टेशन बघा कुठंय!" रूपाली म्हणाली. "लोक म्हणतात, वरून वस्तीचं नाव घेतो आणि आतून जमीनवाल्यांसाठी दुसरा नकाशा करतो. प्रतिकृतीची खोली कुलपात होती, आणि किल्ली यांच्याकडेच. यांना कामावरून काढलं, ताई."

उमाजीमामांनी फोटो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला. काहीतरी खटकत होतं. काय, ते सापडेना.

अमरदीप घरीच होता. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले.

"स्टेशनची इमारत सुटी आहे, हे खरं. उचलून कुठंही ठेवता येते," तो म्हणाला. "पण मी ती हलवली नाही. प्रतिकृती शुक्रवारी आली. रान हिरवं, वस्ती विटकरी, सगळं मनासारखं जमलं होतं. शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं झाल्यावर मुलीच्या खेळण्यातली बस आणि थोडी माणसं लावली, कुलूप घातलं आणि घरी आलो. कुणाला दाखवायचंही राहून गेलं."

"बस कसली?"

"नव्या विजेच्या बस आहेत ना, तसली. हिरवी."

"दुसरी किल्ली?"

"एकनाथराव सरांच्या कपाटात. पण सर त्या दिवशी सकाळीच विजयवाड्याला गेले होते."

एकनाथराव कंपनीचे मालक. केस पांढरे, बोलणं मऊ. आबिड्सच्या ऑफिसात त्यांनी दोघांना आग्रहानं चहा पाजला.

"शनिवारी सकाळी गेलो तो सोमवारी संध्याकाळी परतलो," ते म्हणाले. "वाटेतच फोटो पाहिला. ऑफिसातल्या चिन्मयला फोन करून खोलीला सील ठोकायला लावलं. मी स्वतः आत पाऊलही टाकलेलं नाही. उगाच नंतर कुणी बोट दाखवायला नको."

"त्यानंतर अमरदीपशी बोललात?"

"शुक्रवारनंतर एक शब्दही नाही. नोटीससुद्धा वकिलाकडून पाठवली. मुलासारखा होता हो! केवढा जीव लावून काम करायचा. ती थांब्यावरची हिरवी बसच बघा. एवढा हौशी माणूस असं करील, वाटलं नव्हतं."

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. उमाजीमामांना त्यांची कणव आली.

वाहनांची मोजणी करणारा चिन्मय मात्र त्यांना मुळीच आवडला नाही. तो बोलताना सारखा मोबाइलकडे बघत होता.

"मॅडम, सच्ची सांगतो, मला काही ठाऊक नाही. सोमवारी सरांचा फोन आला, मी बाहेरून सील लावलं, बस्स. प्रतिकृती मी शुक्रवारी पाहिली तेवढीच."

"फोटोतली बस तेव्हा होती?"

"ती लाल सिटी बस? नव्हती वाटतं. ध्यानात नाही."

"अमरदीपची जागा आता तुम्हाला मिळणार?"

चिन्मयचा चेहरा पडला. "मिळेल. पण अशी नक्को होती."

तिसरे श्रीपती, मिलिंदनगर समितीचे अध्यक्ष. अमरदीपला भर सभेत गद्दार म्हणणारे हेच. ते विहाराच्या पायरीवर बसले होते.

"दारावर लिहिणारा मी नाही," ते आधीच म्हणाले. "जे बोलायचं ते मी तोंडावर बोलतो. आन् खरं विचाराल तर मला स्टेशनच नक्को होतं. ना डावीकडं, ना उजवीकडं."

"का बरं?" उमाजीमामांनी कान टवकारले.

"माझा भाऊ अशाच एका वस्तीत भाड्यानं ऱ्हायचा. तिथं स्टेशन आलं. सगळ्यांनी पेढे वाटले. मग भाडं वाढलं. मग मालकाला मजले चढवायचे होते. आता भाऊ शहराबाहेर ऱ्हातो, आन् त्याच स्टेशनला यायला तासभर रिक्षात धक्के खातो. इथं आमची माणसं आहेत, विहार आहे. स्टेशन आल्यावर इथं कोण ऱ्हाईल, सांगा ना!"

परतताना उमाजीमामा रिक्षातच सरसावून बसले. "हाच तो! स्टेशन नको, म्हणून स्टेशन आणणाराच बदनाम केला. कारण तर त्यानं स्वतःच सांगितलं की!"

"मामा, गुन्हा लपवणारा माणूस कारण असं पायरीवर मांडून बसत नाही," प्रणिता म्हणाली. "तुम्हाला फोटोत काहीतरी खटकलं होतं ना? विचार करा."

उमाजीमामांनी घरी पोचेपर्यंत विचार केला. काही उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबिड्सच्या ऑफिसात, प्रतिकृतीच्या खोलीबाहेर सगळे जमले. अमरदीप आणि रूपाली एका बाजूला, श्रीपती हाताची घडी घालून दाराशी, एकनाथराव खुर्चीत, चिन्मय भिंतीला टेकून. खोलीचं सील अजून तसंच होतं.

"मामा," प्रणिता म्हणाली, "तुम्ही आयुष्यभर सिटी बसनं हिंडलात. बस पाठमोरी उभी असेल, तर रस्त्याच्या कुठल्या बाजूला असते?"

"डाव्या. हा काय प्रश्न झाला?"

"आणि दार?"

"तेही डावीकडेच."

"आता फोटो बघा."

उमाजीमामांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. पाठमोरी बस रस्त्याच्या उजव्या कडेला उभी होती. दारही उजवीकडे होतं.

"अगं, ही तर उलटी आहे!"

"बसच नाही, सगळा फोटो उलटा आहे." प्रणितानं पर्समधला आरसा काढून मोबाइलसमोर धरला. आरशात बस डावीकडे गेली, आणि तिच्यामागची स्टेशनची इमारतही. "स्टेशन कुणी उचलून उजवीकडे ठेवलंच नव्हतं. नुसती इमारत हलवली असती तर बसचं दार बाजू बदलत नाही. अमरदीपच्या खऱ्या प्रतिकृतीचा फोटो काढून तो मोबाइलवर उलटा केला. रंग ठेवले असते तर हिरवं रान आणि विटकरी वस्ती यांची अदलाबदल लगेच दिसली असती. म्हणून रंग काढले आणि कडा कापल्या."

तिनं सर्वांदेखत सील तोडलं. आत प्रतिकृती तशीच होती. स्टेशन डावीकडे, थांब्याला हिरवी बस.

"पण हे केलं कुणी?" रूपालीनं विचारलं.

"बस लागली शनिवारी दुपारी. म्हणजे फोटो त्यानंतरचा. अमरदीपनं ती कुणालाही दाखवली नव्हती. सोमवारी खोली बाहेरूनच बंद झाली, आणि फिरलेल्या फोटोत रंग नाहीत. चिन्मय बसला लाल म्हणाला, कारण सिटी बस म्हटलं की कुणालाही लालच आठवते. एकनाथराव, तुम्ही विजयवाड्यात होता. खोलीत पाऊल टाकलं नाही. अमरदीपशी बोलला नाहीत. आणि दुसरी किल्ली तुमच्याच कपाटात आहे. मग बस हिरवी आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

एकनाथराव चष्मा पुसू लागले.

"अंदाजानं बोललो असेन," एकनाथराव म्हणाले.

"असेल. मग विजयवाड्यात शनिवारी रात्री कुठे उतरला होतात, तेवढं सांगा. मी आत्ता फोन लावते."

एकनाथरावांनी चष्मा टेबलावर ठेवला. ते अमरदीपकडे न बघता बोलू लागले.

"मी विजयवाड्याला गेलोच नव्हतो, फोटो मीच काढला. पहिल्या आराखड्यात स्टेशन उजवीकडेच होतं. त्या भरवशावर मी तिथं जमीन घेतली. आराखडा बारगळला, जमीन तशीच पडून राहिली. आता इतक्या वर्षांनी योग आला, तर हा म्हणतो माणसं डावीकडे राहतात, स्टेशन डावीकडे! किती समजावलं मी ह्याला."

"आणि वस्तीच ह्याच्यावर उलटली, की डावीकडचं स्टेशन मागायला कुणी उरणार नव्हतं," प्रणिता म्हणाली. "मग आज सुनावणीत नवा आराखडा तुम्ही मांडणार होतात."

अमरदीप पुढे आला. उमाजीमामांना वाटलं, आता हा म्हाताऱ्याच्या थोबाडीत देणार. पण तो एवढंच म्हणाला, "सर, मला जमिनीचं सांगितलं असतंत तर मी काम सोडून गेलो असतो. माझ्या बायकोला चार दिवस कुणी पाणी विचारलं नाही हो."

एकनाथरावांची मान खाली गेली ती वर आली नाही.

श्रीपती अमरदीपजवळ गेले. शब्द जुळवायला त्यांना कष्ट पडत होते. "भर सभेत बोललो होतो मी. माफीबी भर सभेतच मागतो. चल."

दुपारी सुनावणीच्या मांडवात मिलिंदनगर लोटलं होतं. प्रणितानं घडलेलं सगळं अधिकाऱ्यांपुढे ठेवलं. श्रीपतींनी माइक हातात घेऊन अमरदीपची माफी मागितली, आणि मग त्यालाच विचारलं, "आता तू सांग. स्टेशन आलं तर आमची पोरं इथं ऱ्हातील का?"

उमाजीमामांना वाटलं, हो म्हणून मोकळा होईल.

"माहीत नाही, काका," अमरदीप म्हणाला. "गाडी कुठं थांबेल ते आराखडा सांगतो. माणसं कुठं थांबतील ते त्यात नसतं. ते आपणच आज मागायचं. घरं आमच्या नावावर करा, भाडेकरूंना हलवू नका, हेही लिहून घ्या म्हणायचं."

श्रीपतींनी एकदा टेकडीकडे पाहिलं. मग अधिकाऱ्यांकडे वळले.

"लिहून घ्या, साहेब," ते म्हणाले. "आम्हाला स्टेशन पाहिजे. आन् स्टेशन झाल्यावर त्याच्यासमोर आम्ही पण पाहिजे."