रिकामं रीळ

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलं, शेवटचा भाग मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, आणि अजून मलाच तो पचलेला नाही.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे. बाहेर लख्ख ऊन होतं. अंधार ताईने स्वतःच्या हाताने केला होता.

ताई एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते. रसायनं काढून देणं, काचेची भांडी धुणं, पोरांवर डोळे वटारणं. घरी आणलेली कुठलीही वस्तू आधी घासूनपुसून घेतल्याशिवाय ती वापरत नाही. आम्ही त्यावरून तिची खूप टिंगल करायचो. आता करत नाही.

भाऊजींना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्यांना फोटोंचं वेड. जुना कॅमेरा, काळीपांढरी फिल्म. शेवटच्या रोलवर त्यांनी तळ्याकाठच्या बाकावर ताईचे फोटो काढले, आणि रोल संपता संपता कॅमेरा तिच्या हातात दिला.

"एक माझा घे की!"

तिने घेतला. बाकावर बसलेले भाऊजी, अगदी मनमोकळं हसताना. पुढे आजारपणात ते हसू गेलं. मग भाऊजीच गेले.

तो रोल कॅमेऱ्यातच राहिला होता. बाहेर धुवायला द्यायला ताई तयार नव्हती. "कुणी वाट लावली तर? तो एक फोटो मला हवाय. मी घरीच धुणार."

ताई हट्टाला पेटली की तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. ती गेली फोटोच्या सामानाच्या एका जुन्या दुकानात. दुकानदार म्हातारा, राग कायम नाकावर.

"पहिलीच वेळ ना? मग फिल्म धुवायला हा प्लास्टिकचा टँक घ्या. आतल्या रिळाच्या दोन्ही बाजू मागेपुढे फिरवल्या की फिल्म आपोआप आत सरकते. फक्त रीळ कोरडं ठणठणीत हवं, नाहीतर अडकते."

"आणि तो स्टीलचा?"

"त्यात फिल्म रिळाच्या मध्यापासून बाहेर गुंडाळत न्यावी लागते. तीही अंधारात, बोटांच्या अंदाजाने. दोन वेढे एकमेकांना चिकटले की तिथले फोटो गेले."

"आमचे हे म्हणायचे, घ्यायचा तर स्टीलचाच."

"तो वापरलेला आहे. विकायचा नाही."

"मग काचेत कशाला मांडून ठेवलाय?"

म्हाताऱ्याने टँक काढून तिच्यापुढे आपटलाच. "दोन रिळांचा आहे. जसा आहे तसा वापरा."

घरी आल्यावर ताईने तो उघडला. खालचं रीळ रिकामं होतं. वरच्यावर मात्र कुणीतरी एक जुनी फिल्म नीट गुंडाळून ठेवली होती. ताईने ती ओढून काढली, तिचा एक कोपरा कात्रीने तिरका कापला आणि तिच्यावरच उजेडात सराव केला. गुंडाळायची, सोडायची. हात बसल्यावर ती फिल्म कचऱ्याच्या डब्यात टाकली.

मग दोन्ही रिळं घासून लख्ख केली.

दुपारी तिने बाथरूमच्या खिडकीला काळं कापड ठोकलं, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला आणि दिवा घालवला.

स्वतःचा हातसुद्धा दिसेना.

तिने भाऊजींची फिल्म काढली. टोक रिळाच्या मध्यात अडकवलं. हळूहळू गुंडाळू लागली. स्टीलवर फिल्म घासल्याचा बारीक आवाज येत होता... सर्र... सर्र...

मध्येच तिला शिंक आली. ती थांबली.

आवाज थांबला नाही.

सर्र... सर्र... सर्र...

तिच्या डाव्या हाताशी. जिथे रिकामं रीळ ठेवलं होतं, तिथे.

"कोण आहे?"

आवाज बंद.

ताईचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला. पण दिवा लावता येईना. लावला असता तर भाऊजींची फिल्म तिथेच मेली असती. तिने दात घट्ट आवळून उरलेली फिल्म गुंडाळली, रीळ टँकमध्ये सोडलं. वर रिकामं रीळ ठेवायचं, म्हणजे खालचं हलत नाही, हे तिने वाचलं होतं. ते चाचपायला तिने हात पुढे केला...

ते आधीच कुणीतरी तिच्या हातात दिलं.

तिने ते आत ढकललं, झाकण घट्ट बसवलं आणि दिव्याचं बटण दाबलं.

बाथरूममध्ये ती एकटीच होती.

तुम्ही म्हणाल, पळायचं ना! मीही तेच म्हणालो. पण फोटो हवा होता. रसायन झाकणाच्या तोंडातून आत ओतता येतं, पण सगळं होईपर्यंत झाकण काढायचं नाही. काढलं की सगळं गेलं. ताई रडत रडत टँक उलटासुलटा करत राहिली. मध्ये मध्ये तो खाली ठेवावा लागे.

तिने हात काढला की आतून आवाज येई... टक्.

कुणीतरी नखाने झाकण वाजवल्यासारखा.

शेवटी झाकण निघालं. वरच्या रिकाम्या रिळावर फिल्म होती. ओली, गच्च गुंडाळलेली. तिचा कोपरा तिरका कापलेला होता.

ताईने कचऱ्याचा डबा पाहिला. डब्यात फिल्म नव्हती.

त्या फिल्मला उजेड लागला होता. ती काळीकुट्ट निघायला हवी होती. पण तिच्यावर फोटो होते.

आधी तिने भाऊजींची फिल्म दिव्यासमोर धरली. तिचे सगळे फोटो नीट आले होते. शेवटच्या चौकटीत तळं होतं. बाक होता.

बाकावर कुणी नव्हतं.

भाऊजी दुसऱ्या फिल्मवर होते. पहिल्या चौकटीत हसताना, जसा तिने काढला होता तस्साच. दुसरीत हसू मावळलेलं. तिसरीत ते उभे राहिलेले. पुढे त्यांची पाठ. तळ्याकाठच्या वाटेने ते लांब लांब जात होते, दर चौकटीत लहान होत.

ताई दोन्ही फिल्म घेऊन दुकानात गेली. म्हाताऱ्याने त्यांना हातसुद्धा लावला नाही.

"रीळ रिकामं केलंत ना?"

"आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं? जसा आहे तसा वापरा म्हटलं होतं." मग जरा हळू आवाजात म्हणाला, "त्याचं स्वतःचं काही नसतं, बाई. शेजारच्या रिळावरचं घेतं. भरून ठेवा ते आणि टँक खोल पुरून टाका."

ताईने पुरला नाही. तिच्या डोक्यात भलतंच शिरलं. मला तिने काहीच सांगितलं नाही. भाऊजींचा कॅमेरा घेऊन ती मला तळ्यावर घेऊन गेली आणि बाकावर जाऊन बसली.

"काढ माझा फोटो."

"ताई, काय चाललंय तुझं?"

"एकदा तरी न विचारता ऐक ना माझं!" ती माझ्यावर अशी खेकसली की आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. मी मुकाट्याने फोटो काढला.

मग तिच्या घरी, दाराबाहेर बसवून, तिने मला वर लिहिलेलं सगळं सांगितलं. "तिकडे ते एकटे चाललेत रे. वरचं रीळ रिकामंच ठेवते, मला निदान गाठू दे त्यांना." आणि मी उठायच्या आत बाथरूमची कडी लावली.

मी दार बडवत होतो. आत अंधारात फिल्म घासत होती... सर्र... सर्र... एकाच वेळी दोन.

ती बाहेर आली तेव्हा वरच्या रिळावरची फिल्म तिच्या हातात होती. आम्ही दोघांनी मिळून ती दिव्यासमोर धरली.

बाक. बाकावरून उठणारी ताई. वाटेवर, लांब, भाऊजींची पाठ. मागे धावणारी ताई. अंतर कमी होत गेलेलं. तिचा हात त्यांच्या खांद्यावर पडलेला.

शेवटच्या चौकटीत ते मागे वळले होते.

निगेटिव्हमध्ये माणसाचा चेहरा काळपट दिसतो. हा दिसत नव्हता. चेहऱ्याच्या जागी फिल्म कोरी होती, अगदी काचेसारखी. त्यातून पलीकडचा दिवा दिसत होता. कोरी फिल्म म्हणजे काय, ते ताईनेच मला सांगितलं होतं. जिथे अंधार असतो, तिथे फिल्म कोरी राहते.

अंगात सदरा भाऊजींचा होता. भाऊजी नव्हते.

ताई किंचाळली नाही. तिने तीच फिल्म रिळावर परत गुंडाळली, शेवटच्या वेढ्यापर्यंत. आम्ही टँक त्याच दिवशी पुरला. कुठे, ते मी कुणाला सांगणार नाही.

ताई आज ठीक आहे. नोकरीवर जाते, पोरांवर ओरडते, मला फोन करून शिव्या घालते.

पण मी फोनवर तिचे फोटो काढले, तेव्हा...

ती माझ्याकडे बघून हसत असते. फोटोत मात्र तिची पाठ असते.

मी घाबरून पुन्हा पुन्हा काढून पाहिले. तीच खोली, तीच खुर्ची, तेवढंच अंतर.

दर फोटोत ताई आधीपेक्षा लांब असते.

आता मी तिचा फोटो काढत नाही, कुणाला काढूही देत नाही. ताईला कारण सांगितलेलं नाही. काल तीच म्हणाली, "बऱ्याच दिवसांत माझा फोटो नाही रे काढलास. एक घे की!"