नववा फेडर

तळेगाव ढमढेऱ्यात बाजाराचा दिवस होता. शिरूरला निघालेल्या जीपमध्ये माणसं मेथीच्या जुड्यांसारखी दाबून भरली होती, आणि त्या गर्दीत मोनाली ओव्हाळ मांडीवर एक भलंमोठं खोकं घेऊन बसली होती.

"ताई, खोकं टपावर टाकू," ड्रायव्हर म्हणाला.

"न्हाई."

"एक शीट अडलीय तुमच्या खोक्यानं."

"शिटाचे पैसे घ्या. टपावर न्हाई जायचं."

तेवढ्यात एक तरुण वाकून आत शिरला. पाठीला सॅक, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. तो तिच्या शेजारी अर्धा टेकला, अर्धा हवेतच राहिला.

"खोक्याची एक बाजू माझ्या मांडीवर द्या," तो हळूच म्हणाला. "त्याच्या वजनानं तरी मी जागेवर राहीन."

"आन् खोकं पडलं तर?"

"आधी मी पडणार. खोकं माझ्यावर... त्याला काय होत न्हाई."

मोनालीनं हसू ओठात दाबलं आणि खोकं थोडं त्याच्याकडे सरकवलं.

"हाय काय यात?"

"मिक्सर."

"बाप रे! किती जणांची चटणी?"

आता मात्र हसू दाबलं गेलं नाही. बाहेर उसाच्या ट्रॉल्या मागे पडत होत्या, थंडीतला मऊ उजेड खोक्यावर येऊन बसला होता, आणि ती अनोळखी माणसाला सगळं सांगून मोकळी झाली.

तिच्या मामाची, जालिंदरची, शिरूरला साउंड सर्व्हिस होती. जयंत्या, लग्नं, सभा. शाळेत असल्यापासून मोनालीची बोटं आवाजाच्या मिक्सरवर चालत आलेली. पुढे मामानं दुकानामागच्या खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून रेकॉर्डिंगचा स्टुडिओ काढला. गेल्या साली व्होल्टेज वाढून जुना मिक्सर जळाला आणि त्याच्या जागी कॉम्प्युटर आला. आता सगळे आवाज पडद्यावर आणि हातात माऊस.

"माऊसला एकच बोट असतं," मोनाली म्हणाली. "ढोलकी खाली घेताना कोरस वर कसा न्यायचा? मला माझी दहाच्या दहा लागतात."

म्हणून तिनं एका बंद पडलेल्या स्टुडिओतला हा जुना कंट्रोलर मिळवला होता. त्याला आठ फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या दांड्या. बोटानं फेडर ओढला की पडद्यावरचा सरकणार, आणि पडद्यावरचा हलवला की हा आपोआप हलणार. आत मोटर होती.

"तुमच्या सॉफ्टवेअरला ह्याची भाषा कळती का?" त्यानं विचारलं.

"न कळायला काय झालं? केबल हाय की."

त्याचं नाव सत्यजीत शेळके. गाव दौंडकडचं खुटबाव, शिरूरला खोली आणि रांजणगावच्या कंपनीत मेंटेनन्सला. जपानी मशीन आणि जर्मन मशीन शेजारी उभी करून त्यांना एकमेकांशी बोलायला लावणं, हेच त्याचं काम. केबल जोडल्यानं बोलणं सुरू होत नाही, हे तो रोज बघत होता. पण त्या पोरीचा चेहरा इतका खुलला होता, की... त्यानं ते शिरूर येईपर्यंत पोटातच ठेवलं. स्टँडवर उतरल्यावर त्यानं खोकं उचलून दुकानापर्यंत आणून दिलं.

"न्हाई चाललं तर सांगा," जाताना तो म्हणाला.

"चालणार हाय!"

नाही चाललं. दिवे लागले, फेडर एकदा थरथरले आणि मेल्यासारखे पडून राहिले. सॉफ्टवेअरला माहीत असलेल्या कंट्रोलरची नावं पडद्यावर येत होती. त्यात याचं नाव नव्हतं. मोनालीनं कंपनीला परदेशात ईमेल केला. उत्तर दोन ओळींचं आलं: हे मॉडेल आम्ही आता यादीत धरत नाही, नवीन घ्यावं.

"बघ," मामा म्हणाला. "साहेबानंच सांगितलं. माऊस काय वाईट हाय का?"

"मामा, त्यांनी धरलं न्हाई म्हणून ह्यो मेला का? ह्याची बटणं चालतात, मोटर चालती. ऐकून घ्यायचं न्हाई ते त्यांनाच."

पुढच्या रविवारी दारात सत्यजीत. हातात चटणीची पुडी.

"मिक्सर न्हाई चालला तर उपाशी नको राहायला, म्हणून आणली. आईची हाय."

मग रविवार त्याचेच झाले. लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही, म्हणून ती असेल तेवढ्यात काम. गेली की अंधाऱ्या खोलीतून दोघं पायरीवर येऊन बसत आणि समोरच्या रसवंतीच्या घुंगरांकडे कान लावत. मामा दुकानातून उगाच खोकत राही.

"मामांना खोकला हाय का?" सत्यजीत विचारी.

"रविवारचा."

होळीच्या सुमारास सत्यजीतला एक युक्ती सापडली. ठरावीक दोन बटणं दाबून धरून कंट्रोलर चालू केला, की तो स्वतःचं नाव न सांगता दुसऱ्याच एका मोठ्या कंपनीच्या कंट्रोलरचं नाव सांगत असे. ते नाव ऐकताच सॉफ्टवेअरनं दार उघडलं. खर्रकन आठही फेडर आपणहून उठले आणि पडद्यावर होते तिथं जाऊन उभे राहिले. मोनालीनं आनंदानं टाळी वाजवायला हात उचलले, आणि त्यातला एक सत्यजीतच्या हातात कसा गेला, ते दोघांनाही कळलं नाही. तो तिनं लगेच काढूनही घेतला नाही.

दारापलीकडे मामा खोकला.

पण खोट्या नावाचं सुख अर्धंच निघालं. मोनाली फेडर खाली ओढी आणि तो बोटाखालून हिसडा देऊन परत वर जाई. पुढचे आठ ट्रॅक, म्हणजे आणखी आठ आवाज, हाताखाली आणायचं बटण मुकंच राहिलं. नववा ट्रॅक आला की परत माऊस.

"चाललंय की," सत्यजीत म्हणे.

"माझ्या हाताला कळतंय, न्हाई चाललंय."

एप्रिलच्या एका दुपारी लाईट गेली, दोघं पायरीवर आले, आणि सत्यजीत बराच वेळ ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत बसला.

"आईनं तुला बघायला बोलवलंय," शेवटी तो म्हणाला.

मोनालीचे कान गरम झाले. "मला? काय सांगितलंत त्यांना?"

"शिरूरची हाय. स्टुडिओत असती. हुशार हाय, भांडकुदळ हाय..." तो थांबला. "एक करूया का? पहिल्या वक्ताला आडनाव नको सांगायला. आई वाईट न्हाई... पण आबांचं तुला ठावं न्हाई. गावात मान, सोसायटीत खुर्ची. एकदा तू आवडलीस की मग सावकाश..."

"आन् विचारलंच तर?"

"सांगू की कायतरी. दोन्हीकडं चालंल असं आडनाव."

रसवंतीचे घुंगरू वाजत राहिले. मोनाली उठली.

"आत त्यो डबा बघितलास ना?" आजवर ती त्याला तुम्हीच म्हणत आली होती. "खोट्या नावानं आत गेला. कसा नांदतोय बघ. हात लावला की हिसडा, नववा आला की मुका. मला तसं नांदायचं न्हाई, सत्यजीत."

"मी थोडेच दिवस म्हणत होतो—"

"ओव्हाळ. मोनाली चांगदेव ओव्हाळ. थोडे दिवस पण ओव्हाळ."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर त्याचे फोन वाजले आणि वाजून थांबले. रात्री उशी ओली झाली, हे तिनं आईलाही कळू दिलं नाही. पण सकाळी पहिला घास मोडायच्या आत ती मनाशी पुन्हा म्हणाली होती, न्हाई म्हंजी न्हाई.

महिनाअखेरीला धुरपदाबाईंच्या गायन पार्टीचा जयंतीचा कार्यक्रम होता... आणि तो नेमका खुटबावच्या बौद्धवस्तीत. तिथं गाणी रेकॉर्ड करून सीडी काढायचं आधीच ठरलेलं. मोनाली गेली नाही.

"त्या गावात मी बोलावल्याबिगर जाणार न्हाई," तिनं मामाला सांगितलं.

मामा एकटाच कॉम्प्युटर घेऊन गेला. परत आला तो गप्प-गप्प. "आठ ट्रॅक गाण्याचे," एवढंच म्हणाला. "नववा अनाउन्सरचा माईक. त्यो बंद करून ठेवलाय, त्याला हात लावू नको."

त्यात नवल नव्हतं. गाण्यांच्या मधे लोक चिठ्ठीसोबत बक्षीस वर पाठवतात आणि अनाउन्सर ती नावं गावासकट वाचतो. ऐन कार्यक्रमात त्याची मजा असते. सीडीवर ते कुणालाच नको असतं. मिक्सिंगला बसलं की आधी तो माईक बंद करायचा, ही रीतच.

पण मोनाली मिक्सिंगला बसलीच नाही. आधी तिनं कंट्रोलर साध्या रीतीनं चालू केला, कुठलंही बटण न दाबता, त्याच्या स्वतःच्या नावानं. सॉफ्टवेअरमध्ये कोपऱ्यात एक खिडकी होती: ज्याला ओळखत नाही त्याला हातानं शिकवायची. सत्यजीतनं ती एकदा दाखवली होती आणि 'लई किचकट हाय' म्हणून मिटली होती. मोनालीनं ती उघडली. हा फेडर, तो पडद्यावरचा. हे बटण, ते काम. एकेक करून, चुकलं की पुसून. लाईट गेली की थांबायचं, आली की परत. मामा चहा ठेवून जाई आणि गार झालेला उचलून नेई.

शेवटी एका दुपारी तिनं पहिला फेडर खाली ओढला. तो खाली आला आणि जिथं ठेवला तिथंच राहिला. हिसडा नाही. तिनं दोन्ही हात ठेवले. ढोलकी खाली, कोरस वर, धुरपदाबाईंचा भरदार आवाज मधोमध... दहाही बोटांना काम.

आता ते मुकं बटण. तिनं दाबलं. फेडर खर्रकन सरकले आणि पहिल्या फेडरखाली नववा ट्रॅक आला, अगदी तळाला, बंद. हा चालतो का बघायला हवंच होतं. तिनं तो उघडला आणि वर नेला.

"...आता पुढची चिठ्ठी," अनाउन्सर सांगत होता. "खुटबावचे सत्यजीत बापूसाहेब शेळके यांच्याकडून धुरपदाबाईंना बक्षीस. शिरूरच्या मोनाली चांगदेव ओव्हाळ यांच्या नावानं... त्या हो म्हणाल्या तर मी त्यांच्याशीच... आं?" आवाज अडखळला. "पाव्हणं, असंच लिवलंय का?"

लांबून, माईकपासून लांबून, ओळखीचा आवाज आला.

"असंच लिवलंय. लग्न करणार हाय, असं पुढं हाय. परत वाचा. म्होरच्या खुर्च्यांना ऐकू गेलं न्हाई."

म्होरच्या खुर्च्या म्हणजे गावची मोठी माणसं. हार घालायला आलेली. सत्यजीतचे आबा, बापूसाहेब, त्यांतलेच. एक खुर्ची करकरली. कुणीतरी घसा खाकरला. मग धुरपदाबाईंचं खणखणीत हसू: "अरं वाच की! पोरीचं नाव नीट घे. आन् ढोलकी, तू काय झोपलास?"

अनाउन्सरनं परत वाचलं. पूर्ण.

मोनालीचं बोट फेडरवर तसंच होतं. दारात मामा उभा होता.

"मामा, तुम्ही ऐकलं होतं?"

"सारं गाव ऐकत होतं, मी काय बहिरा हाय?"

"मग सांगितलं का न्हाई?"

"आधी तुला सांगू का तुझ्या बापाला, हेच ठरंना!" मामा डोक्याला हात लावून खाली बसला. "भ्या वाटलं गं. भांडण व्हईल, साउंड फोडतील... तू आता त्यो ट्रॅक काढून टाक बघू. सीडीत ऱ्हायला तर गिऱ्हाईक काय म्हणंल?"

"धुरपदाबाईंना विचारते. त्या न्हाई म्हणाल्या तर तुम्ही माऊसनं काढा. माझा हात त्याच्यावर चालायचा न्हाई."

तिनं फोन लावला. धुरपदाबाई म्हणाल्या, "ठेव की. गाण्यापरीस चांगलं झालंय ते." मग तिनं दुसऱ्या नंबरवर एक मिस्ड कॉल दिला. एकच.

पहिल्या पाळीची कंपनीची बस आली तसा सत्यजीत घामाघूम होऊन पायरीशी उभा राहिला. युनिफॉर्मला ग्रीस लागलेलं. वर चढायची हिंमत त्याला होईना.

"ऐकलं?" त्यानं विचारलं.

"ऐकलं. आबा काय म्हणाले?"

"लई दिवस बोललेच न्हाईत. परवा जेवताना विचारलं, ती पोरगी करती काय. म्हटलं, लोकांचा आवाज वर-खाली करती. म्हणाले, मग तुझा जरा खाली करायला सांग तिला."

मोनाली हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. "म्हंजी राजी हायेत?"

"न्हाई," सत्यजीत म्हणाला. "खोटं न्हाई सांगत. राजी न्हाईत. पण आता तुझं नाव घरात सगळ्यांना पाठ हाय. आई म्हणती, घेऊन ये. मी येणार तर तुला घेऊनच येणार, असं सांगून आलोय... मोनाली, तू अजून हो म्हणाली न्हाईस."

तिनं आत जाऊन कॉम्प्युटर बंद केला, केसांवरून हात फिरवला आणि चप्पल पायात सरकवली.

"तुमच्या घरचं मागनं. आमच्या आप्पांनी अजून तुला बघितलेलं न्हाई. कंडक्टर हायेत, एका नजरेत माणूस ओळखतात. आत्ताच ड्युटीवरनं आलेत."

"आत्ता? ह्या कपड्यांत?"

"ह्याच कपड्यांत."

"मामांना..."

"जावा," आतून मामा म्हणाला. या वेळी तो खोकला नाही.

उन्हं अजून कलली नव्हती. बाजारपेठ उघडी होती, ओट्यांवर माणसं बसली होती, ओळखीची आणि नको तेवढी ओळखीची. सत्यजीत सवयीनं दोन पावलं पुढे निघाला.

"थांब," मोनाली म्हणाली.

तो थांबला. ती त्याच्या शेजारी आली. आणि मग भर पेठेतून, बघणाऱ्यांना नीट बघू देत, दोघं एका ओळीत चालत गेली.