दाजीने घातलेला वाटा

आमच्याकडे रापण ओढायला कोणीही आले तरी चालते. होडी समुद्रात अर्धा वेढा घालून जाळे सोडते आणि जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर आम्ही किनाऱ्यावरून ओढतो. दोराला हात लावला की तो माणूस त्या दिवसाचा वाटेकरी, मग तो गावचा असो की तारकर्लीला फिरायला आलेला पाहुणा. वाटे घालायचे काम दाजीचे. ओढ चालू असताना तो दोराच्या कडेने चालत जातो, एकेक तोंड बघून ठेवतो आणि नंतर तेवढे माशांचे ढीग वाळूत मांडतो. ज्याने त्याने आपला उचलायचा. कोणी न उचललेला वाटा परत समुद्राला.

२००९ साल विमानांचे गेले. पन्नाशीत अक्षरे शिकलो तेव्हापासून सत्यवानच्या चहाच्या टपरीवर पेपर मीच वाचून दाखवत असे. जानेवारीत अमेरिकेत एक विमान नदीवर उतरले. माणसे पंखांवर उभी राहिली आणि सगळी वाचली. सत्यवान म्हणाला, त्या पायलटाला आपल्या होडीवर तांडेल म्हणून घेऊया. जूनच्या सुरुवातीला एक मोठे विमान भर समुद्रात गेले, कोणी उरले नाही. तो महिना संपता संपता आणखी एक पडले, आफ्रिकेकडच्या बेटांजवळ, म्हणजे आपल्याच समुद्रात. एक मुलगी तेवढी तरंगताना सापडली.

त्या दिवशी टपरीवर कोणी विनोद केला नाही. माझा यतीन जहाजावर नोकरीला होता आणि डिसेंबरात विमानाने घरी यायचा होता, हे सगळ्यांना माहीत होते. सुभद्रा, त्याची आई, मला पेपरातले काही विचारत नसे. मीही सांगत नसे.

पावसाळ्यानंतर रापण सुरू झाली आणि दाजीचे वाटे वाढू लागले. माणसे कमी, ढीग जास्त. सत्यवानने विचारले, "दाजीनू, एकाचे दोन दिसतत काय?"

"दोरार होते तेंकाच घातलंय," दाजी म्हणाला.

म्हाताऱ्याचे डोळे गेले, असे मी धरून चाललो. पण मासळी तेवढीच असून जाळे हलके येत होते, हे माझ्या खांद्यांना कळत होते. एका सकाळी मी मागे वळून पाहिले. आमच्या ओळीतल्या शेवटच्या माणसाच्या मागेही वाळूत टाचा रुतलेल्या होत्या. बुटांच्या टाचा. बूट घालून रापण कोणी ओढत नाही.

उरलेले वाटे आम्ही समुद्रात टाकत राहिलो. वाळूत पडलेले असतानाही कावळे त्यांना तोंड लावत नसत. हळूहळू त्यावर कोणी बोलेनासे झाले.

यतीनचे विमान ज्या पहाटे निघाले, त्या सकाळीही रापण होती. मी ओळीत शेवटी होतो. पाठीमागे कोणीतरी ओढीसरशी श्वास सोडत होते. मी वळलो नाही.

मासळी निवडून झाल्यावर दाजीने माझा ढीग घातला. शेजारी आणखी एक घातला.

"ह्यो कोणाचो?"

"तुझ्या झिलाचो. तुझ्या मागसून होतो."

"तो विमानात आसा, दाजी."

दाजीने ढिगावरून घसरलेला बांगडा परत वर ठेवला. "मग घेतंस, की सोडू समुद्रात?"

कोणी न उचललेले बाकीचे वाटे टोपल्यांत भरून माणसे पाण्याकडे निघाली होती.

मी तो वाटा उचलला. नुकते जाळ्यातून निघालेले बांगडे, पण बर्फातून काढल्यासारखे गार होते.

सुभद्रेला काही बोललो नाही. यतीनला आवडते म्हणून तिने त्या बांगड्यांचे तिखले करून ठेवले.

दुसऱ्या दिवशी यतीन आला. विमान समुद्रावर असताना खूप वेळ खाली खाली जात होते, म्हणाला. मग सावरले.

जेवताना त्याला भात कालवता येईना. दोन्ही तळहात आडवे सोलले होते, दोर सरकला की सोलतात तसे. सुभद्रेने चमचा आणून दिला आणि हे कशाने झाले म्हणून विचारले. त्याला आठवत नव्हते.

तो ताटातल्या बांगड्याकडे बघत होता.

"बाबा," तो हळू म्हणाला, "माझ्या मागसून होते, तेंचे वाटे कोणी नेले?"