घाट लागला की खुर्ची वाजते

मृत्यू माणसाला सगळ्या मोहांतून मोकळं करतो, असं मोठमोठी माणसं सांगून गेली आहेत.

त्यांच्यापैकी कुणाच्याही घरी सायकल शर्यतीचा शौकीन नसावा.

पुढे लिहिलंय ते अक्षरन् अक्षर खरं आहे. आमच्या मावशीच्या घरी, बाहेरच्या खोलीत, भर दुपारी घडलेलं आहे. मावशी वय सोडून कशाबद्दलही खोटं बोलत नाही. शिवाय दोन साक्षीदार आहेत. दोघांनीही त्यानंतर त्या घराचा जिना चढलेला नाही.

मावशी लोकांचे कपडे अल्टर करून देते. आतल्या खोलीत तिचं पायाचं शिलाई मशीन आहे. त्यावरच घर चाललं. काका मात्र बाहेर वेताच्या खुर्चीत बसून टीव्हीवर जगभरच्या सायकल शर्यती पाहायचे. स्वतः कधी सायकलवर बसले नाहीत. गुडघे दुखायचे म्हणे. पण शर्यतीत घाट लागला, की बसल्या जागी त्यांचे पाय फिरायला लागत आणि खुर्ची कुरकुरायची.

कर्र... कर्र...

चढ वाढला की सावकाश. उतार लागला की गप्प.

म्हणजे त्या घरात दोघंही जन्मभर पायडल मारत होते. चूल पेटायची ती एकीच्याच पायडलवर, एवढाच काय तो फरक.

काकांचे दोन सोबती. एक केमिस्ट, एक मास्तर. तिघांचा एकच कडक नियम होता. शेवटच्या घाटात कुणी तोंड उघडायचं नाही.

गेल्या वर्षी काका शेवटच्या घाटातच गेले.

आता नियम म्हणजे नियम. जिंकणारा जिंकला, बक्षीस घेऊन झालं, हात हलवून झाले. तेव्हा कुठे केमिस्टच्या लक्षात आलं, की काका जरा जास्तच गप्प आहेत.

मावशी तेव्हा आत मशीनवर होती. धावत बाहेर आली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "शेवटचं काही बोलले का हो?"

"घाट लागण्याआधी बोलले ना, वहिनी," मास्तर म्हणाले. "'याने घाई केली' असं म्हणाले."

"छे! 'याला दम लागणार' म्हणाले," केमिस्ट म्हणाला.

"तुमचं लक्ष बिस्किटांत होतं!"

"आणि तुम्ही पेंगत होतात!"

दोघं तिथेच हमरीतुमरीवर आले. काकांना अजून खुर्चीतून उचललंही नव्हतं.

मावशीला फक्त एवढंच हवं होतं. माणूस जाताना आपली आठवण काढून गेला का? वर्षभर तिने वाट पाहिली. स्वप्नात येतील. पावलं वाजतील. निदान स्वयंपाकघरात एखादं भांडं तरी पडेल.

काही नाही.

काकांनी जिवंतपणी कधी भांड्याला हात लावला नव्हता. मेल्यावर कशाला लावतील?

मग यंदा केमिस्टचा फोन आला. "वहिनी, शनिवारी शर्यतीत डोंगराचा टप्पा आहे. त्यांच्या आठवणीत तुमच्याकडेच बसू म्हणतो."

त्या वेळी केमिस्टच्या घरचा टीव्ही सुनेच्या ताब्यात असतो, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. तरी ती "या" म्हणाली.

शनिवारची दुपार. लख्ख ऊन. दोघं सोफ्यावर. वेताची खुर्ची रिकामी.

"निळ्या जर्सीवाल्याने आत्ताच निसटायला हवं," केमिस्ट म्हणाला.

"आत्ता? अजून दोन घाट आहेत! जरा धीर धरा की."

"धीर धरूनच तुमचं मुख्याध्यापक व्हायचं राहिलं, मास्तर."

टीव्हीवर चढ लागला.

आणि...

कर्र... कर्र...

"वहिनी, मशीन जरा थांबवता का?" मास्तर ओरडले. "काही ऐकू येत नाहीये!"

मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आली. दोन्ही हातांना साबणाचा फेस.

"मशीनचा पट्टा तुटलाय," ती म्हणाली. "बंदच आहे ते."

दोघांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

कर्र... कर्र...

खुर्ची हलत नव्हती. तिची बैठक मात्र... खाली दबलेली होती.

चढ संपला. उतार लागला. आवाज थांबला.

"उन्हाने वेत तडतडतो कधीकधी," केमिस्ट म्हणाला. आणि मास्तरांना चिकटून बसला.

मग शेवटचा घाट आला.

कर्र...

कर्र...

सावकाश. जड. आणि मधूनमधून... धाप लागल्यासारखा श्वास.

नियमाप्रमाणे दोघं गप्प होते. नियम नसता तरी असते.

मावशीला त्यांच्या नियमात कधी कुणी घेतलंच नव्हतं. तिने हात टॉवेलला पुसले. सरळ चालत गेली आणि टीव्हीच्या पुढ्यात, खुर्चीकडे तोंड करून उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली. "वर्ष झालं. जाताना माझी आठवण तरी काढलीत का? एवढंच सांगा. मग काही विचारणार नाही."

खुर्चीचा आवाज थांबला.

मावशीच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. मास्तर म्हणतात, ती घाबरली. केमिस्ट म्हणतो, हसली. यावरूनही ते भांडतात, पण आता रस्त्यात उभे राहून. त्या दोघांना काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी फक्त पाहिलं, की मावशी हळूच एक पाऊल बाजूला झाली.

आणि खुर्ची पुन्हा वाजायला लागली.

दोघं चपला तिथेच टाकून पळाले. तेही निकाल न पाहता!

मावशीने मशीनला नवा पट्टा बसवलाय. खुर्ची अजून तिथेच आहे. कुणाला देववत नाही, तिच्यात बसवत नाही. शर्यतींच्या दिवसांत मावशी टीव्ही लावतच नाही. तरी एखाद्या दुपारी शिवताना तिचे पाय थांबतात, मशीन थांबतं...

आणि बाहेरच्या खोलीतला आवाज थांबत नाही.

काका काय बोलले, हे ती कुणालाच सांगत नव्हती. परवा तिची धाकटी बहीण खनपटीलाच बसली. "काहीतरी गोड बोलले असतील गं. आता या वयात लाजतेस काय?"

मावशी सुईत दोरा ओवत होती. दोरा हुकला. तिने पुन्हा टोक ओलं केलं.

"गोडच बोलले," ती म्हणाली. "म्हणाले, 'अगं, जरा बाजूला हो ना. दिसत नाहीये.'"