उपवासात थांबलेलं हृदय

जैनांच्या दशलक्षण पर्वाचा निर्जळी उपवास धरून चंपाक्का मगदूम सोप्यात बसल्या होत्या आणि समोर टेबलावर काचेच्या भांड्यांत दोन हृदयं धडधडत होती. जयसिंगपुरात यांत्रिक हृदयाचं आता कुणाला नवल नव्हतं. नवल होतं ते चंपाक्कांची पोटची पोरं त्यावरून भांडत होती याचं.

हृदय कुठलंही घ्या, त्याला कार्यप्रणाली लागते. कुणी कधी काय करायचं ते ठरवणारा कारभारी. थोरल्या भरतेशनं 'वज्र' बनवली होती, धाकट्या त्रिशलानं 'मणिमाळ'. एका घरातून दोन प्रणाली निघाल्या, हे चंपाक्का आल्यागेल्याला सांगत. उद्या त्यांच्याच छातीत यातली एक बसायची होती. त्यांना बाहुबलीचा डोंगर पायांनी चढायचा होता. डोलीत बसायला त्या काही गाठोडं नव्हत्या.

"आक्का, माझ्यात ठोका, पाणी, आहार सगळे विभाग एकाच गाभ्यात," भरतेश म्हणाला. "विभागाविभागांत निरोपांचा खोळंबा नाही. पायरीवर पाय टाकलास की रक्त हजर."

"आणि एकाला ठसका लागला की सगळी पंगत उठणार," त्रिशला म्हणाली. "माझा गाभा लहान. बाकी प्रत्येक विभागाची चूल वेगळी. एक विझली तर गाभा ती पुन्हा पेटवतो. शेजारच्याला पत्ताही लागत नाही."

"निरोप पोचेस्तोवर आक्का पायरीवर धापा टाकत बसंल!"

"मी जिती आहे अजून, माझ्यादेखत काय ते बोला," चंपाक्का कडाडल्या. "या घरात चूल एकच राहिली आणि ती मी राखली. वज्रच घाला."

भरतेश बहिणीकडे बघून हसला.

दोन्ही हृदयं सकाळपासून चंपाक्कांच्या मनगटावरच्या पट्ट्याला जोडलेली होती. आक्कांच्या अंगात जे घडेल ते त्या हृदयांना कळत होतं. सूर्य मावळला. दिवसभराच्या औषधाला दिवसभराच्या घासा-घोटांनी भागून हिशेब करायची आहार-विभागाची वेळ झाली. आज घास शून्य, घोटही शून्य. शून्यानं भागायचं कसं? वज्रचा आहार-विभाग तिथंच अडकला, त्याच्यामागे सगळा गाभा अडकला आणि काचेतलं हृदय गप्प झालं.

मणिमाळेचा लाल दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. तिचाही आहार-विभाग पडत होता, उठत होता. ठोका मात्र चुकला नाही.

चंपाक्कांचा हात आपसूक छातीवर गेला.

"या घरात वाढलास आणि उपवास विसरलास?"

"सकाळपर्यंत दुरुस्त करतो, आक्का." भरतेशनं बंद पडलेलं भांडं उचललं.

"हे करशील. जे चुकायचंय ते तुला अजून ठाऊकच नाही, त्याचं काय?" मग त्या लेकीकडे वळल्या. "तू नाक वर करू नकोस. तुझीही चूल विझलीच की."

"विझली. मीही विसरले," त्रिशला म्हणाली. "पण आपण काहीतरी विसरणार, हे धरूनच मी बांधलंय."

"माझीच लेक," चंपाक्का म्हणाल्या. "घाल तुझी. डोंगर सावकाश चढीन. आणि भरतेश, तोंड पाडू नकोस, रक्त लवकर पोचवायची तुझी युक्ती हिला शिकव."

त्या उठल्या, दारापाशी गेल्या आणि थांबल्या.

"विझलेली चूल तुझा गाभा पेटवतो म्हणालीस. आणि गाभाच निजला, तर त्याला कोण उठवणार गं?"

त्रिशलानं भावाकडे पाहिलं. पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. दोघांनी एकदमच मणिमाळेचं भांडं जवळ ओढलं.