गोड्या पाण्यातली चाचणी

१९८५च्या जुलैत इंग्लंडमधल्या श्रूजबरीच्या तळ्यावर आम्ही सोनार, म्हणजे आवाजाने पाण्याखालचं टिपणारं यंत्र, तपासायला गेलो, तेव्हा ऊन मस्त होतं आणि विवेकच्या तोंडाला नेहमीप्रमाणे विश्रांती नव्हती. तो जाळीवाला, मी आवाजवाली. अंटार्क्टिकाच्या समुद्रात क्रिल, म्हणजे बोटभर लांबीचे कोळंबीसारखे जीव, किती आहेत याचा आम्ही अंदाज बांधायचो. मी जहाजाखाली आवाज सोडून प्रतिध्वनी मोजायचे, तो त्याच जागी जाळं ओढायचा.

गेल्या सफरीत माझ्या यंत्राच्या कागदावर भलामोठा काळा घोळका उमटला आणि विवेकचं जाळं दर वेळी रिकामं आलं. क्रिल जाळं चुकवतात, मान्य. पण एकही सापडू नये? यंत्र बिघडलेलं निघालं तर माझे सहा वर्षांचे आकडे बाद होणार होते. मी धास्तावले होते, खोटं कशाला बोलू.

"नीला, टेन्शन नको घेऊस यार," विवेक म्हणाला. "गोड्या पाण्यात क्रिल नसतं. पेपर ब्लँक आला की तुझं मशीन ओके."

विवेकची धाकटी मुलगी दीपा हिला काठावर खेळायला सोडून आम्ही होडी तळ्याच्या मध्यावर नेली आणि दोरीला बांधलेला, ठरावीक प्रतिध्वनी देणारा तांब्याचा गोळा पाण्यात सोडला. त्याची रेघ हवी तिथेच उमटली.

मग रेघेखाली कागद काळा होऊ लागला. वरून सपाट, डावीकडे लांब शेपूट. गेल्या सफरीतला तोच घोळका.

"संपलं," मी म्हणाले. "मशीनच खोटं."

माझी समजूत घालायला विवेकने नवंकोरं जाळं खाली सोडलं. वर ओढून त्याने ते माझ्यासमोर धरलं.

जाळ्यात एकच क्रिल होतं. पारदर्शक, जिवंत, टपोऱ्या काळ्या डोळ्यांचं.

मशीन खरं होतं. माझी सहा वर्षं वाचली होती. आनंद व्हायचा, तर मी होडीच्या कडेपासून मागे सरकले.

विवेकने ते हलकेच पाण्यात सोडून दिलं.

"मशीन बिघडलंय, असंच रिपोर्ट करायचं?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"हो. इथे परत कुणी यायला नको."

आम्ही वल्ही मारू लागलो. यंत्र बंद करायचं राहूनच गेलं. पेन कागदावर फिरत होतं आणि घोळका आमच्याबरोबर काठाकडे येत होता.

काठाशी दीपा भर उन्हात गुडघाभर पाण्यात उभी होती. तिचे ओठ निळे पडले होते.

"बाबा," ती म्हणाली, "व्हाय इज इट सो कोल्ड?"